गृहव्यवस्था : अनाहूत पत्रांचा बंदोबस्त

आपल्या जुन्या वाड्यांत येणाऱ्या-जाणाऱ्याची पायरी ठरलेली असे. मागणारा अंगणांत उभा राही, कामकाजाचा मनुष्य ओटीवर बसे, सोयरेधायरे माजघरापर्यंत येत, आणि देवघरांत व स्वयंपाकघरांत जावयाचा अधिकार घरच्याच माणसांचा. या व्यवस्थेला कोणी कायदा म्हणत नसे. पण तिच्यामुळें घरांतील कर्त्या माणसाची एक मोठी सोय होई. कोण आलें आहे आणि त्याला किती वेळ द्यावयाचा, हें त्याला बसल्या जागेवरून कळत असे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण आपल्या घरांना ईमेलचें नवें दार पाडलें. त्या दारांतून मात्र सोयरा आणि सावकार, शाळामास्तर आणि भामटा, सगळे एकाच वेळीं थेट माजघरांत येऊन बसतात. यांतील नको असलेल्या पत्रांना इंग्रजींत ‘स्पॅम’ म्हणतात. आम्ही त्यांना ‘अनाहूत पत्रें’ म्हणूं. आणि त्यांचा बंदोबस्त कसा करावा, हा या महिन्याचा आमचा विषय आहे.

विषय सुचला तो परभणी जिल्ह्यांतील सेलू येथील एका वाचकभगिनीच्या पत्रावरून. कुटुंब एकत्र, तिघां भावांचे संसार, मामंजी सेवानिवृत्त शिक्षक. साऱ्या घराला मिळून ईमेलचा पत्ता एकच. तो घरांतल्या एका मुलानें कॉलेजांत असतांना दहा-बारा वर्षांपूर्वीं काढून दिलेला. मामंजींचें निवृत्तिवेतन, गॅसचें पुस्तक, विजेचें बिल, शेताचा पीकविमा, भावजींच्या दुकानाचा कर, मुलांच्या परीक्षांचे अर्ज, या सर्वांना तोच पत्ता; आणि साड्यांच्या दुकानाला, मिक्सरच्या हमीपत्राला, प्रदर्शनांतल्या सोडतीच्या चिठ्ठीलाही तोच. पेटींत न वाचलेलीं पत्रें अकरा हजारांवर सांचलीं. गेल्या वर्षीं थोरल्या जाऊबाईंच्या मुलीला एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या मुलाखतीचें बोलावणें आलें. तें सवलतींच्या जाहिरातींखालीं गाडलें गेलें, आणि घरच्यांच्या दृष्टीस पडलें तें मुलाखत होऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशीं. मुलीचें एक वर्ष गेलें. ‘पत्र आलें होतें हें खरें, आणि आम्हांला मिळालें नाहीं हेंही खरें, मग बोल कोणाला लावावा?’ असें त्या विचारतात.

अनाहूत पत्रांविषयीं वर्तमानपत्रांत जें लिहून येतें, तें बहुधा फसवणुकीचें असतें : अमक्याचे इतके लाख गेले, तमक्याचें खातें रिकामें झालें. तें खरेंच आहे, आणि त्याविषयीं पुढें आम्ही लिहिणारच आहों. पण सेलूच्या या घरांतून एक पैसाही गेला नाहीं. तेथें हरवलें तें एक खरें पत्र. आमच्या मतें अनाहूत पत्रांचें सर्वांत मोठें नुकसान हेंच होय. तें रोज, आणि कोणाच्याही तक्रारीवांचून, घरोघरीं चालू असतें. म्हणून खालीं जे उपाय आम्ही सांगणार आहों, त्यांची कसोटी एकच ठेवली आहे : खरें पत्र योग्य माणसाच्या दृष्टीस वेळेवर पडलें पाहिजे. खोटीं पत्रें साफ बंद करणें कोणाच्याही हातीं नाहीं, आणि त्या नादीं लागण्याचें कारणही नाहीं.

खऱ्या पत्राची पारख आपल्या वडीलधाऱ्यांना शिकवावी लागली नव्हती. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याचें टपालखातें स्वतंत्र, तिकिटें वेगळीं. १ एप्रिल १९५० रोजीं तें भारतीय टपालखात्यांत विलीन झालें. पण टपाल निजामी असो वा इंग्रजी, पत्र हातीं पडतांच त्याचा प्रकार कळत असे. मंगलकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलें असे. अशुभ वार्तेचें कार्ड वाचून होतांच फाडून टाकीत, तें घरांत ठेवीत नसत. साष्टांग नमस्काराचा मायना पाहिला कीं लिहिणारा धाकटा, आशीर्वादाचा पाहिला कीं वडील. आणि अक्षर तर हातभर अंतरावरून ओळखूं येई. त्या काळीं अनाहूत पत्रें मुळींच नव्हतीं असें मात्र नाहीं. ‘हें कार्ड वाचल्यावर अशींच अकरा कार्डें लिहून धाडा, न धाडल्यास अनिष्ट होईल’, अशा मजकुराचीं देवादिकांच्या नांवचीं कार्डें पुष्कळांना आठवत असतील. कित्येक आयाबायांनीं भीतीपोटीं रात्रीं दिव्याजवळ बसून तीं लिहून काढलीं आहेत. पण त्या उपद्रवाला एक स्वाभाविक मर्यादा होती. प्रत्येक कार्डाला पैसे पडत, आणि लिहितां लिहितां हात दुखत.

ईमेलमध्यें ही मर्यादा उरली नाहीं, आणि सगळ्या उपद्रवाचें मूळ येथेंच आहे. इंटरनेटची पूर्वज जी अमेरिकेंतील ‘अर्पानेट’, तिच्यावर ३ मे १९७८ रोजीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क नांवाच्या विक्रेत्यानें नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचें निमंत्रण सुमारें चारशें जणांना एकदम धाडलें. हें पहिलें अनाहूत जाहिरातपत्र समजलें जातें. पुष्कळांनीं तक्रारी केल्या. पण वाट दिसली ती दिसलीच. ‘स्पॅम’ हें नांव त्याला पुढें मिळालें. मुळांत तें १९३७ सालीं निघालेल्या एका डबाबंद मांसाचें नांव. १९७० सालच्या एका विनोदी इंग्रजी नाट्यप्रवेशांत एक बाई उपाहारगृहांत काय काय मागते, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर तेंच मांस पुढें येतें. त्यावरून नको असतां वारंवार पुढें येणाऱ्या पत्राला तें नांव पडलें. भारतांत विदेश संचार निगमनें सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, आणि त्याच्या पाठोपाठ हा पाहुणाही आपल्याकडे आला.

आतां यांतील हिशेब पाहावा. ईमेल एकाला धाडलें काय आणि दहा लाखांना धाडलें काय, धाडणाऱ्याच्या खर्चांत नांव घेण्यासारखा फरक पडत नाहीं. दहा लाखांतून दहा जण गळाला लागले तरी त्याचें साधतें. आपण रागावून त्याला चार शब्द लिहिले, तर त्याला वाईट वाटत नाहीं; उलट त्या पत्त्यावर जिवंत मनुष्य आहे ही खूण त्याला फुकट मिळते, आणि खात्रीचा पत्ता म्हणून तो पुढें विकतां येतो. तेव्हां पहिला नियम असा कीं, अनोळखी अनाहूत पत्रास उत्तर देऊं नये : रागाचें नको, थट्टेचें नको, आणि ‘कृपा करून पुन्हां पाठवूं नये’ असें सभ्यपणाचेंही नको.

पत्ता या लोकांच्या हातीं जातो कसा, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. त्याच्या तीन-चार वाटा आहेत. दुकानांत, प्रदर्शनांत, मंगल कार्यालयांत आपण ज्या चिठ्ठ्या भरून देतों, त्यांच्या याद्या होतात आणि हातोहात फिरतात. संस्थांच्या संकेतस्थळांवर सभासदांचे पत्ते छापलेले असले, तर ते वेंचून काढणारीं यंत्रें रात्रंदिवस फिरत असतात. कांहीं वेळां मोठ्या कंपनीच्या दप्तरालाच चोर लागतो आणि लक्षावधि पत्ते एकदम बाहेर पडतात. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन जाणकारानें २०१३ सालीं ‘हॅव आय बीन पोन्ड’ नांवाचें संकेतस्थळ काढलें आहे. तेथें आपला पत्ता लिहिला असतां तो कोणकोणत्या चोरीस गेलेल्या यादींत सांपडला, हें विनामूल्य कळतें. घरांतल्या एखाद्या मुलाकडून तें एकदां पाहून घ्यावें, आणि ज्या ठिकाणाहून चोरी झाली असेल तेथला पासवर्ड त्याच दिवशीं बदलावा. चौथी वाट आपलीच. सत्यनारायणाचें बोलावणें किंवा सहलीचीं छायाचित्रें आपण साठ जणांना एकत्र धाडतों, तेव्हां त्या साठांचे पत्ते एकमेकांपुढें उघडे पडतात. अशा वेळीं ‘बीसीसी’ या रकान्यांत नांवें घालावीं, म्हणजे प्रत्येकाला पत्र मिळतें, पण दुसऱ्याचा पत्ता दिसत नाहीं. दुसऱ्याच्या पत्त्याची अब्रू राखणें हाही शिष्टाचारच आहे.

एवढें जाणल्यावर पहिला उपाय सहज सुचतो : ओटीचा पत्ता वेगळा आणि माजघराचा वेगळा. घरासाठीं किमान दोन पत्ते असावे. माजघराचा पत्ता बँक, निवृत्तिवेतन, विमा, प्राप्तिकर, परीक्षा व प्रवेश, डॉक्टर आणि आप्तेष्ट यांनाच द्यावयाचा. तो कोणत्याही दुकानाच्या वहींत जातां कामा नये. ओटीचा पत्ता खरेदी, हमीपत्रें, सोडती, तिकिटें यांसाठीं. तो जाहिरातींनीं भरला तरी बिघडत नाहीं. पंधरवड्यांतून एकदां पाहिला तरी पुरे. ज्या मुलामुलीच्या प्रवेशपरीक्षा चालू असतील, त्यांना तर स्वतःचा वेगळा पत्ता काढून द्यावा आणि तो रोज पाहण्याची संवय लावावी. जीमेल वापरणाऱ्यांस आणखी एक सोय आहे. आपल्या नांवापुढें अधिकचें चिन्ह घालून एखादा शब्द जोडला, उदाहरणार्थ दुकानासाठीं ‘दुकान’, तरी पत्र त्याच पेटींत येतें. पुढें त्या जोडशब्दाच्या पत्त्यावर भलत्याचींच पत्रें येऊं लागलीं, तर आपली चिठ्ठी कोणी विकली हें आपोआप उघडकीस येतें. असा पत्ता कांहीं संकेतस्थळें स्वीकारीत नाहींत. तेथें ओटीचा पत्ता आहेच.

दुसरा उपाय म्हणजे धाडणाऱ्याचा पत्ता वाचावयास शिकणें. हें आमच्या ग्रामीण भागांतील वाचकांना शहरी वाचकांपेक्षां लवकर समजेल. ‘मु. पो. बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी’ असें आपण लिहितों. बोरी नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. हें बोरी कोणतें, याचा निकाल शेवटचा तालुका आणि जिल्हा करतात. ईमेलचा पत्ताही असाच आहे. ‘ॲट’ या वाटोळ्या चिन्हापुढें जें असतें तें शेवटाकडून वाचावें. अगदीं शेवटचे दोन-तीन शब्द म्हणजे तालुका-जिल्हा. त्यांच्या आधीं कोणीही कोणत्याही प्रतिष्ठित बँकेचें नांव गांवासारखें लिहूं शकतो. तेव्हां नांव बँकेचें आणि शेवट भलताच असेल, तर तें पत्र बँकेचें नव्हे. केंद्र व राज्य सरकारच्या कचेऱ्यांच्या पत्त्यांचा शेवट साधारणतः ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असतो. रिझर्व्ह बँकेनें देशांतील बँकांना आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाखालीं नेण्याची आज्ञा केली. हा शेवट बँकांखेरीज इतरांस मिळत नाहीं. पत्रांतील निळी लिंकही याच रीतीनें वाचावी. परंतु सर्वांत उत्तम मार्ग असा कीं, पत्रांतील लिंकवरून कधींच जाऊं नये. बँकेचें काम असेल तर बँकेच्या ॲपमध्यें किंवा शाखेंत जावें. दाराशीं आलेल्या अनोळखी गाडींत बसून बँकेंत जाण्याचें कारण काय?

तिसरा उपाय यंत्राला शिकविण्याचा. आपली पत्रपेटी आलेलें पत्र सुपांत पाखडते आणि संशयास्पद पत्रें ‘स्पॅम’ नांवाच्या कोपऱ्यांत टाकते. ही पाखडणी ज्या गणितावर उभी राहिली, तें अठराव्या शतकांतील थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचें. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. पॉल ग्रॅहम या अमेरिकन संगणकज्ञानें २००२ सालीं दाखवून दिलें कीं, कोणता शब्द खऱ्या पत्रांत किती वेळां येतो आणि खोट्यांत किती वेळां, यावरून नव्या पत्राची शक्यता यंत्राला चांगली काढतां येते. पुढें त्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. पण तत्त्व हेंच कीं, यंत्र उदाहरणांवरून शिकतें. म्हणून नको असलेलें पत्र नुसतें पुसून टाकूं नये. ‘स्पॅम म्हणून कळवा’ हें बटण दाबावें. पुसल्यानें पेटी झाडली जाते, कळविल्यानें पुढील केर कमी होतो. मात्र ओळखीच्या दुकानाच्या जाहिरातीचा कंटाळा आला म्हणून हें बटण दाबणें बरें नव्हे. उद्यां त्याच दुकानाची पावती किंवा त्याच विमाकंपनीची हप्त्याची सूचना यंत्र कोपऱ्यांत टाकूं लागेल.

अशा ओळखीच्यांसाठीं वेगळी वाट आहे. त्यांच्या पत्राच्या माथ्यावर किंवा तळाशीं ‘अनसबस्क्राइब’ असा शब्द असतो. तो दाबला कीं आपलें नांव त्यांच्या यादींतून निघतें. दररोज पांच हजारांहून अधिक पत्रें जीमेलच्या पत्त्यांवर धाडणाऱ्यांनीं आपल्या नांवाची तांत्रिक मोहोर पत्रावर उमटविली पाहिजे, जाहिरातपत्रांत एका टिचकीसरशीं नांव काढण्याची सोय ठेवली पाहिजे आणि दोन दिवसांत ती विनंती पाळली पाहिजे, असे नियम गूगलनें २०२४ पासून लागू केले आहेत. पण ज्याच्याशीं आपला कधीं व्यवहारच झाला नाहीं, त्याच्या पत्रांतील हा शब्द दाबूं नये. तें उत्तर देण्यासारखेंच आहे. तसेंच अनोळखी पत्रांतील चित्रें उघडूं नयेत. डोळ्यांना न दिसणारें एखादें टिंबाएवढें चित्र उघडलें गेलें तरी पत्र वाचल्याची वर्दी धाडणाऱ्यास जाते. बाहेरचीं चित्रें दाखविण्यापूर्वीं आपणांस विचारावें, अशी आज्ञा पेटीच्या मांडणींत एकदां देऊन ठेवतां येते.

आतां सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत दुर्लक्षित, गोष्ट. सूप कितीही चांगलें असलें तरी चार दाणे कोंड्याबरोबर जातातच. खरें पत्र स्पॅमच्या कोपऱ्यांत पडणें हें रोजचें आहे. आणि जीमेल त्या कोपऱ्यांतील पत्रें तीस दिवसांनीं कायमचीं पुसतें. म्हणून आठवड्यांतून एकदां तो कोपरा उघडून नांवांवरून दृष्टि फिरविलीच पाहिजे. पत्र उघडावयाचें नाहीं. नुसतीं नांवें आणि विषय वाचावयाचे. ओळखीचें खरें पत्र सांपडलें तर ‘स्पॅम नाहीं’ हें बटण दाबावें आणि तो पत्ता आपल्या ओळखीच्या यादींत घालावा. प्रवेशाच्या दिवसांत हें काम रोज करावें. ज्या विद्यालयांत अर्ज केला असेल, त्याचा पत्ता आधींच यादींत घालून ठेवावा, आणि त्याचें पत्र स्पॅममध्यें कधींही धाडूं नये असा नियम पेटींत लिहून ठेवावा. ही सोय ‘फिल्टर’ या नांवाखालीं मिळते.

आतां साठलेल्या ढिगाविषयीं. अकरा हजार पत्रें एकेक करून पाहूं गेल्यास दिवाळी येईल. पेटीच्या शोधांत ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द इंग्रजींत घातला, म्हणजे जाहिरातींचा फार मोठा भाग एकत्र येतो. त्यांतून धाडणाऱ्याच्या नांवानें एकेक घराणें निवडावें, आधीं यादींतून नांव काढावें, आणि मग त्या नांवाचीं सगळीं पत्रें एकदम निवडून पुसावीं. रोज पांच धाडणारे निकालांत काढले तरी महिन्याभरांत पेटी ओळखूं येईनाशी होते. पुसण्याआधीं बँक, विमा, कर, पावत्या यांचीं पत्रें वेगळ्या खुणेखालीं बाजूला ठेवावीं. हिशेबाचा कागद आणि रद्दी एकाच पोत्यांत घालूं नये.

हें सारें यंत्राचें झालें. सेलूच्या भगिनीनें विचारलेला प्रश्न मात्र माणसांचा आहे. आमच्या मतें त्यांच्या घरांतील दोष कोणा एका व्यक्तीचा नव्हता. पेटी सगळ्यांची होती, म्हणून ती कोणाचीच नव्हती. एकत्र कुटुंबांत दूध, वाणसामान, देवपूजा यांचीं कामें वांटून दिलेलीं असतात. पत्रपेटीचें काम मात्र ‘कोणीतरी पाहील’ यावर चालतें. तें कोणा एकाकडे नांवानिशीं द्यावें आणि त्याचा वार ठरवावा. घरांतला एखादा तरुण मुलगा किंवा सून शनिवारीं संध्याकाळीं अर्धा तास आजोबांजवळ बसली, दोघांनीं मिळून पेटी पाहिली, तर आजोबांना कोणतें पत्र खरें तें कळेल, आणि तरुणांना घराचा व्यवहार कळेल. आमच्या मतें दुसरा लाभ पहिल्याहून लहान नाहीं.

फसवणुकीच्या पत्रांत वडीलधारीं माणसें कां सांपडतात, याचाही विचार येथेंच करावा. ‘आपलें विजेचें बिल थकलें असून आज रात्रीं साडेनऊ वाजतां जोडणी तोडली जाईल’ असे निरोप महाराष्ट्रभर फिरले; महावितरणला ग्राहकांना जाहीर सूचना देऊन सावध करावें लागलें. नोव्हेंबर आला कीं हयातीच्या दाखल्याच्या नांवानें पत्रें येतात. कारण २०१४ पासून हा दाखला घरबसल्या संगणकावरून देतां येतो आणि निवृत्तिवेतन थांबण्याची धास्ती सर्वांनाच असते. या पत्रांची जात एकच : घाई, भीति किंवा लाभ, आणि शेवटीं कांहींतरी मागणें. ज्यांनीं आयुष्यभर एक दिवसही बिल थकविलें नाहीं, अशीं सरळ माणसेंच त्या धमकीनें अधिक गडबडून जातात. तेव्हां घरांत एक नियम सर्वांनीं मिळून करावा. ओटीपी, पासवर्ड किंवा कार्डाचा आंकडा मागणाऱ्या पत्राला दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावावयाचा नाहीं. मग तो मागणारा कोणीही असो.

आणि एवढ्यावरही कोणी फसलेंच, तर त्याला बोलणीं बसतां कामा नयेत. आम्हांस असें वाटतें कीं, घरांतील हंशाच्या भीतीनें गप्प बसलेल्या माणसाचे पैसे चोरापेक्षां त्या गप्प बसण्यानेंच अधिक जातात. पैसे गेल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर फोन करावा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावें. पहिल्या कांहीं तासांत रक्कम वाटेंत अडवितां येण्याचा संभव असतो. रात्रभर विचार करण्यांत तो संभव निघून जातो. ‘सांगितलेंस हें बरें केलेंस’ हें वाक्य अशा प्रसंगीं मोठ्या उपयोगाचें आहे.

कायद्याचें काय, असें कोणी विचारील. अमेरिकेनें २००३ सालींच अनाहूत व्यापारी ईमेलवर कायदा केला. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें ६६-अ हें कलम आलें. त्रास देण्यासाठीं किंवा मूळ धाडणाऱ्याविषयीं फसविण्यासाठीं धाडलेलें ईमेल त्यांत गुन्हा ठरविलें होतें. पण त्या कलमाची भाषा इतकी सैल कीं, २०१२ सालीं पालघर येथें फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना त्याखालीं अटक झाली. आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलमच घटनाबाह्य ठरविलें. तें योग्यच झालें. पण निव्वळ अनाहूत ईमेल धाडण्याविरुद्ध स्वतंत्र कलम त्यानंतर आलें नाहीं. तोतयेगिरी करून फसविण्याविरुद्धचें ६६-ड हें कलम कायम आहे. त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें मात्र एक चांगलें तत्त्व घातलें आहे : संमति देणें जितकें सोपें, तितकेंच ती परत घेणें सोपें असलें पाहिजे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, आणि तो टप्प्याटप्प्यानें अंमलांत आणण्याचें ठरलें आहे. तथापि कायदा दाराशीं पहारा देईल, घरांतल्या पेटीची झाडलोट करावयास येणार नाहीं.

तेव्हां आमच्या वाचकांस आमचें सांगणें थोडक्यांत असें. येत्या रविवारीं जेवणें उरकल्यावर सर्वांनीं एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्या : माजघराचा पत्ता कोणता, तो कोणाकोणाला द्यावयाचा, आणि तो पाहण्याचें काम कोणाचें. मग त्याच बैठकींत स्पॅमचा कोपरा एकदां उघडून पाहावा. गेल्या तीस दिवसांत कोणाचें खरें पत्र तेथें वाट पाहत पडलें असेल, तर तें अजून हातीं लागण्यासारखें आहे.